कोरडा किनारा, पेटते गवत

(दुष्काळ आणि वणवा या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



प्रशांत महासागरातील माउई नावाच्या बेटावर भारतातून नेलेला एक वटवृक्ष आहे. २४ एप्रिल १८७३ रोजी लाहाइना या किनारी नगरात तो लावला गेला, तेव्हा जेमतेम आठ फुटांचे रोप होते. ख्रिस्ती धर्मप्रचारकांची पहिली तुकडी त्या नगरात आल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून स्मृतिवृक्ष लावायचे ठरले आणि त्यासाठी निवड झाली ती वडाची, हा इतिहासाचा मोठा मौजेचा प्रकार म्हटला पाहिजे. वडाने मात्र आपला स्वभाव सोडला नाही. पारंब्या जमिनीत उतरल्या, त्यांची खोडे झाली आणि दीडशे वर्षांत अर्ध्या एकराहून अधिक जागेवर त्याची सावली पसरली. ज्या गावाच्या नावाचा अर्थच ‘निष्ठुर सूर्य’ असा सांगितला जातो, त्या गावाला या सावलीचे मोल काय असेल, याची कल्पना उन्हाळ्यात मराठवाड्यात किंवा माणदेशात राहिलेल्या कोणालाही सहज यावी.

८ ऑगस्ट २०२३ रोजी हे नगर जळाले. १०२ माणसे मृत्युमुखी पडली, २,२०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्याआधीच्या शंभर वर्षांत अमेरिकेत वणव्यामुळे एवढी मनुष्यहानी झालेली नव्हती. समुद्र पायाशी, पाठीशी जगातील अतिवृष्टीच्या शिखरांपैकी एक शिखर, आणि तरीही गाव पाण्यावाचून जळून गेले. हे कसे घडले, याचा विचार कोकणपट्टीत घर किंवा बाग असलेल्या प्रत्येक कुटुंबाने करावा असा आहे.

आरंभ भूगोलापासून केला पाहिजे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून, अरबी समुद्रावरून येतो. म्हणून कोकण भिजते, महाबळेश्वर साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस घेते आणि घाट उतरून पूर्वेला गेले की माणदेशाच्या वाट्याला पाचशेच्या आसपास उरतो. पर्जन्यछाया हा शब्द शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. माउईचे चित्र याच्या उलट आहे. तेथे वारे ईशान्येकडून वाहतात. ते बेटाच्या पूर्व आणि उत्तर उतारांवर आपले पाणी रिते करतात. पश्चिम माउईतील पुउ कुकुई या शिखरावर वर्षाला सरासरी नऊ हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस होतो. तेथून दहा-बारा किलोमीटरवर, डोंगराच्या पश्चिमेला, अगदी समुद्राच्या काठी वसलेल्या लाहाइनाला मिळतो तो साधारण साडेतीनशे मिलिमीटर. म्हणजे महाबळेश्वरापेक्षा ओले शिखर आणि माणदेशापेक्षा कोरडे गाव यांच्यात जेमतेम पुणे-खडकवासल्याएवढे अंतर! तेथे दुष्काळी पट्टा आणि समुद्रकिनारा एकाच जागी आहेत, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुढचे समजणे सोपे जाते.

असे असूनही जुन्या काळी हे गाव कोरडे म्हणून ओळखले जात नव्हते. तेथील मूळ रहिवाशांच्या स्मृतीत ते फणसाच्या जातीच्या ‘उलू’ या झाडांच्या सावलीचे गाव आहे. आपल्याकडे या झाडाला विलायती फणस किंवा नीरफणस म्हणतात. शिखरावरून खळाळत येणारे ओढे पाटांनी खाचरांत वळवलेले असत. त्या पाटांना ‘आउवाय’ म्हणत. खाचरांत पिकत असे तो ‘कालो’, म्हणजे आपल्या परसातले अळू. त्याची अळकुडी हे तेथील मुख्य अन्न. हवाईयन परंपरा अशी की, आदिमाता-पित्याचे पहिले मूल जन्मतःच गेले, त्याला मातीत ठेवले तेथून अळू उगवले. नंतर जे मूल जगले त्यापासून माणसांचा वंश चालला. अळू हा माणसाचा थोरला भाऊ, आणि थोरल्या भावाची सेवा करणाऱ्याला तो पोसतो, ही त्या समाजाची श्रद्धा. पाण्याला त्यांच्या भाषेत ‘वाय’ म्हणतात, संपत्तीला ‘वायवाय’ म्हणतात आणि कायद्याला ‘कानावाय’. तीनही शब्दांत पाणी आहे.

जमिनीची वाटणीही या पाण्याला धरूनच होती. ‘अहुपुआआ’ नावाचा पट्टा डोंगरमाथ्यापासून थेट समुद्रापर्यंत उतरत असे. वरचे रान, मधली खाचरे, खालची मासेमारी हे सारे एकाच गावसमूहाच्या सांभाळात. वरचे रान तुटले तर खालच्याचा पाट आटणार, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते. पाणलोट क्षेत्र विकासाच्या आजच्या आराखड्यांतून जे मोठ्या कष्टाने समजावून सांगावे लागते, ते तेथे वहिवाटीत होते. लाहाइनाच्या मधोमध सुमारे सतरा एकरांचे तळे होते. त्यातील मोकुउला या छोट्या बेटावर राजाचे निवासस्थान होते आणि तळ्यात किहावाहिने नावाच्या जलदेवतेचा वास असल्याची श्रद्धा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही काळ लाहाइना हीच हवाईच्या राज्याची राजधानी होती.

मग एकामागून एक गोष्टी घडत गेल्या. प्रथम गेला तो चंदन. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत हवाईचे चंदन जहाजे भरभरून चीनमधील कँटनला गेले. सरदारांनी विलायती मालासाठी कर्जे केली आणि ती फेडण्यासाठी रयतेला शेती सोडून डोंगरात लाकूड तोडायला धाडले. १८३०च्या सुमारास विकण्याजोगे चंदन संपलेच. १७९३ साली व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीने राजाला भेट दिलेली गुरे मोकाट सोडल्याने त्यांचे रानटी कळप झाले आणि उतारांवरील कोवळे रान वाढेनासे झाले. हा दोष गुरांचा नव्हे. राखणदाराशिवाय गुरे सोडली की काय होते, हे आपल्या गावच्या गुराख्याला विचारले तरी तो सांगेल.

१८४८ साली जमिनीची नव्याने वाटणी झाली, १८५० साली परकीयांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली आणि १८६० साली लाहाइनात साखरेचा कारखाना उभा राहिला. १८७५च्या करारानुसार हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त जाऊ लागली, तेव्हापासून उसाला अंत राहिला नाही. ऊस म्हणजे पाणी. ओढ्यांचे पाणी डोंगरातच बोगदे आणि कालवे काढून मळ्यांकडे वळवण्यात आले. खालची अळूची खाचरे सुकली. तळ्याला पोहोचणारे पाणी कमी झाले, ते साचून राहू लागले, डासांची पैदास झाली, आणि १९१४ साली राजाचे ते तळे माती टाकून बुजवण्यात आले. पुढे तेथे खेळाचे मैदान झाले. मधल्या काळात, १८९३ साली, साखरमळ्यांचे हितसंबंध असलेल्यांच्या पुढाकाराने राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले होते आणि १८९८ साली हवाई अमेरिकेला जोडले गेले होते. त्या कृत्याबद्दल अमेरिकेच्या संसदेने १९९३ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, ठराव करून क्षमा मागितली. ज्याचे पाणी गेले त्याचे राज्यही गेले, असा हा क्रम आहे.

येथे एका गोष्टीची प्रामाणिकपणे नोंद घेतली पाहिजे, कारण सोप्या निष्कर्षांचा मोह अशा वेळी फार होतो. ऊस होता तोपर्यंत लाहाइना अशा वणव्यात जळाले नाही. गावाभोवती बाराही महिने भिजवलेली हिरवी शेते होती. तोडणीपूर्वी ऊस पेटवण्याची रीत होती खरी, परंतु त्यासाठी मळ्यांकडे रस्ते होते, पाण्याच्या टाक्या होत्या आणि कोठे आग भलतीकडे गेली तर धावून जाणारी शेकडो माणसे होती. अनर्थाचे बी पेरले गेले ते उसाने. ते उगवले ऊस गेल्यावर. लाहाइनाचा कारखाना १९९९ साली बंद पडला. माउईवरील, आणि पर्यायाने साऱ्या हवाईतील, शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या अखेरीस थांबला. साखर इतरत्र स्वस्त झाली म्हणून मालकांनी मळे बंद केले. जमिनी मात्र मोठ्या कंपन्यांकडेच राहिल्या, पाण्यावरील पकडही बरीचशी राहिली. शेतात राहिले नाही ते माणूस.

माणूस गेलेल्या शेतात गवत आले. गुरांच्या चाऱ्यासाठी आफ्रिकेतून आणलेले गिनी गवत हे त्यातील प्रमुख. आपल्याकडील दुग्धव्यावसायिक या गवताला चांगले ओळखतात. पाणी मिळाले तर ते माणसाच्या दीडपट उंच सहज वाढते. त्याच्याबरोबर ज्याला आपल्याकडे अंजन गवत म्हणतात तेही तेथे पसरले आहे. ही गवते आपापल्या जागी गुणाची आहेत. कापली, चारली तर ती दूध देतात. कोणी कापणारा नसेल तर पावसाळ्यात वाढतात, कोरड्या दिवसांत वाळतात आणि ठिणगीची वाट पाहतात. जळाल्यावर पहिल्या पावसात मुळांतून तीच प्रथम उगवतात, आणि त्या जागी पूर्वी असलेली देशी झाडे-झुडपे, ज्यांना आगीची सवय नाही, ती परत येत नाहीत. प्रत्येक वणवा अशा रीतीने पुढच्या वणव्याची तयारी करून जातो. आज हवाई राज्याच्या भूमीपैकी जवळजवळ चौथा हिस्सा अशा परकीय गवताने व झुडपांनी व्यापला आहे.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. पश्चिम माउईसाठी २०१४ साली वणव्यापासून संरक्षणाचा आराखडा तयार झाला, त्यात लाहाइना अतिधोक्याच्या क्षेत्रात दाखवले होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एक चक्रीवादळ बेटांजवळून जात असताना लाहाइनामागील डोंगरात वणवा लागला, सुमारे दोन हजार एकर जळाले, वीसएक बांधकामे गेली. तीच दिशा, तोच महिना, तसाच वारा. पाच वर्षांनी जे घडले त्याची ती रंगीत तालीम होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

८ ऑगस्ट २०२३ चा दिवस पाहावा. बेटाच्या कोरड्या भागांत अवर्षण होते. डोरा नावाचे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून चालले होते आणि उत्तरेला वायुभाराचा उंचवटा होता. या दोहोंच्या कात्रीत सापडलेला वारा डोंगर ओलांडून लाहाइनावर कोसळला. उतारावरून खाली येणारा वारा तापतो आणि कोरडा होतो. त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला. वाऱ्यामुळे शाळांना सुट्टी दिलेली होती, म्हणजे मुले घरी होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास तुटलेल्या वीजतारांमुळे गावाच्या वरच्या अंगाला गवताने पेट घेतला. अग्निशमन दलाने तो विझवला आणि नऊच्या सुमारास आग पूर्ण आटोक्यात आल्याचे घोषित केले. माणसे दुपारपर्यंत तेथे थांबली, धूर दिसेनासा झाला तेव्हा दोननंतर निघून गेली. तीन वाजण्याच्या आत त्याच जागी पुन्हा ज्वाळा दिसल्या. राखेखाली दबलेला निखारा वाऱ्याने उघडा पाडला होता, असा अधिकृत चौकशीचा निष्कर्ष २०२४ साली आला.

यानंतर जे जे कामाला यायला हवे ते ते निकामी ठरत गेले. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. घरे जळत गेली तसे घरोघरचे नळ वितळून उघडे पडले, पाणी वाहून गेले आणि रस्त्यावरच्या बंबाच्या नळांना दाबच उरला नाही. विजेचे खांब पडून बाहेर जाणाऱ्या वाटा अडल्या. समुद्रालगतच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागली ती जागची हलेना. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. भोंगा वाजला की लोक त्सुनामी समजून डोंगराकडे धावतील, आणि आग तर डोंगराकडूनच येत होती, असे त्याचे समर्थन नंतर करण्यात आले. ते कदाचित खरेही असेल. परंतु वर्षानुवर्षे भोंग्याचा एकच अर्थ लोकांना शिकवला गेला, ही चूक त्या एका दुपारची नव्हती. अनेकांनी समुद्रात उड्या घेतल्या आणि धुरात, लाटांत तासन् तास काढले. मेलेल्यांत बहुसंख्य साठीच्या पुढची माणसे होती. जी धावू शकत नव्हती, ज्यांना सांगायला कोणी आले नाही, ती गेली.

पाण्याचा जुना कलह त्याही दिवशी सुटला नव्हता. आपले जलाशय भरण्यासाठी ओढ्याचे पाणी वळवण्याची परवानगी एका जमीन कंपनीने मागितली. त्या ओढ्यावर अवलंबून असलेल्या अळू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आधी विचारावे, असे शासकीय अधिकाऱ्याने सांगितले आणि त्यात काही तास गेले. मग त्या अधिकाऱ्यावर टीकेची झोड उठली, त्याला त्या कामावरून दूर करण्यात आले आणि लोकांच्या रोषानंतर परत आणण्यात आले. ज्यांनी शंभर वर्षे पाणी नेले त्यांनी आग लागल्यावर पाट वाहता ठेवणाऱ्यांकडे बोट दाखवावे, यात तेथील मूळ समाजाला जे दुःख झाले ते समजण्यासारखे आहे.

राख थंड होण्यापूर्वीच जमिनीच्या दलालांचे दूरध्वनी सुरू झाले. घर गेले, कागद गेले, उत्पन्न गेले, अशा वेळी चांगली किंमत देतो म्हणणारा माणूस दारात उभा राहतो, हे जगात सगळीकडे सारखेच. लाहाइनातील लोकांनी ‘जमीन विक्रीस नाही’ असे फलक लावले. नुकसानभरपाईपोटी वीज कंपनी, प्रशासन, जमीनमालक आदींनी मिळून चार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्याची तडजोड २०२४ साली जाहीर झाली. वादळी वाऱ्याच्या वेळी आधीच वीज बंद ठेवण्याची योजनाही त्याच वर्षी आली. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी, ही म्हण अमेरिकेसारख्या संपन्न देशालाही लागू पडते. तो जुना वड होरपळला होता. त्याच्या मुळांना टँकरने पाणी घातले गेले, माती मोकळी करून खत दिले गेले, आणि महिना-दीड महिन्यात त्याला पालवी फुटली. बुजवलेले तळे पुन्हा खणावे, ओढे पुन्हा वाहते करावेत, ही मागणी तेथे आता नव्या जोमाने पुढे आली आहे.

हे केवळ एका बेटाचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसच्या परिसरात, दोन मोठे वणवे एकाच दिवशी भडकले. ३१ जणांचा मृत्यू झाला आणि सोळा हजारांहून अधिक बांधकामे गेली. त्या भागात अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या नातलगांनी ते दिवस दूरध्वनीपाशी बसून काढले. तेथे आधीचे दोन हिवाळे भरघोस पावसाचे गेले होते, झुडपे माजली होती. नंतर मे २०२४ पासून आठ महिने पाऊस जवळजवळ पडलाच नाही, आणि वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारा ‘सांता आना’ वारा सुटला. तेथेही नळांचा दाब गेला, एक मोठा जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता. त्या किनाऱ्यावरील मूळ जमाती ठरावीक वेळी, ठरावीक जागी स्वतः गवत पेटवून रान सांभाळत असत. स्पॅनिश गव्हर्नरने १७९३ साली जाहीरनामा काढून ते बंद पाडले. तथापि केवळ जुनी जाळण्याची रीत आणली की सारे सुरळीत होईल, असेही तेथील अभ्यासक म्हणत नाहीत. उंच पाईन वृक्षांच्या रानाला लहान आगी मानवतात. किनाऱ्यावरच्या झुडपी रानाला वारंवारची आग मारते आणि तेथेही मग गवतच माजते. कोणत्या रानाला काय हवे, हे त्या रानात राहणाऱ्यालाच नीट कळते.

आता आपल्या घराकडे वळावे. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे लाहाइना जळण्यापूर्वी पाच महिने, गोव्यात सत्तरहून अधिक ठिकाणी रानाला आगी लागल्या. म्हादई अभयारण्य धुमसत होते, नौदल आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतावे लागले. त्याआधीचा फेब्रुवारी सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण होता. ज्या भूमीत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथे हे घडते, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. वाटू नये. पाऊस चार महिन्यांत पडतो, जांभा दगड तो धरून ठेवत नाही, आणि एप्रिलमध्ये याच कोकणात वाड्यावाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. फाल्गुन-चैत्रातले कोकण हा एक कोरडा किनाराच असतो.

आणि तेथेही माणूस शेतातून गेला आहे. वरकस जमिनीवर नाचणी, वरी होत असे, ती थांबली. गोठ्यांत गुरे राहिली नाहीत, म्हणून सड्यावरचे गवत कापायला कोणी जात नाही. घरात वृद्ध आई-वडील, मुलगा मुंबईत चाकरमानी. पडीक जमिनीत गवत आणि अमेरिकेतून आलेली रानमोडी छातीएवढी वाढते. मग कोणी शिकारीसाठी, कोणी पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने, कोणी विडीचे थोटूक टाकून, तर कोठे विजेच्या तारांच्या घर्षणाने आग लागते. दहा-पंधरा वर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली काजूची आणि आंब्याची बाग एका दुपारी संपते. लाहाइनात मोठ्या कंपन्यांनी जमीन पडीक टाकली, येथे ती आपल्याच भाऊबंदांनी टाकली आहे, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक आशादायक आहे. कंपनीचे मन वळवणे कठीण. चुलत्याचे मन गणपतीत घरी आल्यावर वळवता येते.

वन खात्याकडे बोट दाखवून भागण्यासारखे नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बहुतेक रान खाजगी मालकीचे आहे. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी रान गावाकडून काढून सरकारकडे नेले, तेव्हापासून रान म्हणजे सरकारचे काम ही समजूत इतकी मुरली की, जेथे रान आपलेच आहे तेथेही आपण सरकारची वाट पाहतो. वास्तविक कोकणच्या शेतकऱ्याला आगीचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? तरव्यासाठी राब भाजताना तो कडेने पालापाचोळा ओढून घेई, वारा पडलेला पाही, हाताशी ओला टाहाळा ठेवी आणि राब विझेपर्यंत जागा सोडत नसे. लाहाइनातील अग्निशमन दलाकडे सारी यंत्रे होती; राब भाजणाऱ्या म्हातारीचा शेवटचा नियम मात्र त्या दिवशी पाळला गेला नाही. आणखी थोडे थांबले असते तर वारा थांबला असता काय, हा प्रश्न रास्त आहे; पण निखारा उघडा पडताना पाहायला कोणीतरी असते.

वाडीपातळीवर काम करू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांनी यातून आपले वेळापत्रक ठरवावे. बागांभोवतीचे आणि घरांमागचे गवत मार्गशीर्ष-पौषात, पुरते वाळण्यापूर्वी, कापून उचलावे लागते. कापून जागीच टाकले तर ते सरपण होते. कापलेले गवत शेजारच्या गोठ्याला किंवा आंब्याच्या पेट्यांत घालायला जाते. जाळपट्टा काढायचा तर सकाळी, दव असताना, खारे वारे सुटण्यापूर्वी आणि पाचपंधरा माणसे बरोबर घेऊनच. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा आग सड्यावरून डोंगराकडे चढवतो, रात्रीचा मतलई वारा तीच आग पुन्हा वस्तीकडे आणतो. म्हणून दिवसा विझलेल्या वणव्यावर रात्री दोघांचा पहारा हवा. बागेवरून गेलेल्या लोंबत्या तारा जानेवारीतच वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवाव्यात आणि पोहोच घ्यावी. देवळाच्या घंटेची किंवा ध्वनिक्षेपकाची वणव्यासाठीची खूण निराळी असावी, आणि ती शिमग्याला सारा गाव जमतो तेव्हा एकदा वाजवून दाखवावी. सार्वजनिक टाकीची किल्ली कोणाकडे असते, तो गावात नसेल तर कोणाकडे, हे लिहून ठेवावे. कोणत्या घरात वृद्ध माणसे एकटी राहतात आणि त्यांना आणायला कोण जाणार, अशी दोन रकान्यांची यादी कोणत्याही वाडीत एका संध्याकाळी तयार होते.